टोकदार घुमटाचा रेनेसाँ

प्रश्न : मे महिन्यात इटलीला जाऊन आलो. फ्लॉरेन्सच्या उफित्सी म्युझियममध्ये चिमाबुए आणि जोत्तो या दोन जुन्या चित्रकारांनी काढलेल्या मेरी (येशूची आई) एकाच हॉलमध्ये लावल्यात. गाइड म्हणाली, चिमाबुएची मध्ययुगातली आणि जोत्तोपासून रेनेसाँची, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाची, सुरुवात. मला तर दोन्हीकडे तीच सोनेरी पाठ दिसली. माझंच काही चुकलं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं फारसं काही चुकलेलं नाही, गाइडबाईंनी जरा घाई केली इतकंच. जोत्तोचं चित्र साधारण 1300 ते 1310 मधलं, त्यात सोनं आहेच, मेरी आजूबाजूच्या देवदूतांपेक्षा कितीतरी मोठी आहेच आणि सिंहासन तर चक्क टोकदार गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन धाटणीच्या, कमानीचं. पण फोटो काढला असेल तर मेरीच्या गुडघ्यांपाशी झूम करा. चिमाबुएकडे निळ्या कापडावर नुसत्या सोन्याच्या रेघा, आत शरीर आहे की नाही पत्ता लागत नाही. जोत्तोकडे कापड गुडघ्यावर ताणलंय, बाई खरंच बसलीय, वजनासकट. सुरुवात म्हणाल तर एवढीच. मधे 1348 चा प्लेग येऊन गेला, आणि सपाट भिंतीवर आत खोलवर गेल्याचा आभास अगदी मोजूनमापून काढलेला दिसतो तो मासाच्चो या चित्रकाराच्या 'त्रिनिटी' या भित्तिचित्रात, साधारण 1427 मध्ये, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं गेली की हो.

खरी गंमत मात्र इमारतींची. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, तो लाल घुमट रेनेसाँची खूण म्हणून सगळीकडे छापतात, पण तो अर्धगोल नाही, वर टोकदार होत जातो, कारण त्याचा आकार चौदाव्या शतकातच ठरून बसला होता, आणि टोकदार घुमट भिंतींना बाहेर कमी ढकलतो हेही होतंच. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने 1420 ते 1436 मध्ये तो बांधला, तेही जमिनीपासून लाकडी सेंटरिंग न लावता! घुमटाखाली जवळपास 45 मीटरचं मोकळं अंतर, एवढं लाकूड आणणार कुठून, म्हणून त्याने एकात एक असे दोन घुमट घेतले आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या गुंफल्या म्हणजे चुना ओला असतानाही त्या खाली सरकणार नाहीत. माणूस मूळचा सोनार बरं का.

त्याच माणसाने 1419 पासून अनाथ मुलांसाठी जी इमारत बांधायला घेतली तिथे मात्र बारीक खांब आणि गोल कमानी, अगदी 'रोमन'. हे गोल कमानींचं वळण त्याला कुठे मिळालं? रोमला जाऊन त्याने अवशेष मोजले असं सांगतात, पण कॅथेड्रलच्या समोरच जी अष्टकोनी बॅप्टिस्टरी (बाप्तिस्मा देण्याची इमारत) आहे ना, तिच्यावरही गोल कमानीच आहेत आणि फ्लॉरेन्सचे लोक तेव्हा तिला मार्स या युद्धदेवाचं जुनं रोमन देऊळ समजायचे. प्रत्यक्षात ती अकराव्या-बाराव्या शतकातली! म्हणजे रोमन समजून जे उचललं त्यातलं बरंचसं मध्ययुगातलंच निघालं. सोनेरी दारांपुढे तुम्हीही फोटो काढला असेल, तीच ही इमारत.