जोर द्यायचा कुठे, सोडायचा कुठे?

प्रश्न : कामानिमित्त मला परदेशी सहकाऱ्यांशी फोनवर बोलावं लागतं. मी सावकाश, प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारून बोलतो. तरी ‘फोटोग्राफी’, ‘डेव्हलप’ असे साधे शब्द पुन्हा सांगावे लागतात. सिलॅबल (शब्दाचे उच्चारातले तुकडे) आणि स्ट्रेस (त्यांवरचा जोर) यांचे नियम पाठ केले तर उपयोग होईल का?

उत्तर : ‘प्रत्येक अक्षर स्पष्ट’, इथंच तर घोडं अडलंय! मराठीत ते शोभून दिसतं. इंग्रजी शब्दात मात्र एका सिलॅबलनं मिरवायचं आणि बाकीच्यांनी अंग चोरायचं, अशी रीत आहे.

‘फोटोग्राफ’ घ्या. जोर पहिल्यावर, मधला ‘टो’ जेमतेम ‘ट’ उरतो. ‘फोटोग्राफी’त जोर दुसऱ्यावर जातो आणि शब्द ऐकू येतो ‘फ-टॉ-ग्र-फी’. पहिला ‘फो’ चक्क ‘फ’ झाला! ‘फोटोग्राफिक’मध्ये जोर आणखी पुढे, ‘ग्रॅ’वर. तुम्ही बहुधा तिन्ही ठिकाणी ‘फोटोग्रा’ सारखंच म्हणत असाल, आणि पलीकडचा माणूस ‘टॉ’ची वाट बघत बसतो. ‘डेव्हलप’चंही तेच : ‘डि-व्हे-लप’, जोर ‘व्हे’वर.

हा पडका, म्हणजे जोर नसलेला स्वर आपल्याला परका नाही. ‘कर’ म्हणताना ‘क’मध्ये जो ‘अ’ येतो, तो जवळपास तोच. पण स्पेलिंगमध्ये ‘ओ’ दिसला की तो खणखणीत म्हणायचाच, हे शाळेपासून अंगात मुरलेलं असतं. आणि जोर म्हणजे ओरडणं नव्हे. तो स्वर जरा लांबतो, आवाजाची पट्टी बदलते, एवढंच.

सिलॅबल मोजायचे ते कानानं, स्पेलिंग बघून नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’मध्ये इंग्रजी अक्षरं 9, सिलॅबल एकच. ‘वर्क्ड’ एक, पण ‘वॉन्टेड’ दोन, कारण ‘ट’ किंवा ‘ड’नंतरच तो ‘एड’ वेगळा ऐकू येतो.

नियमांपैकी एक भरवशाचा : शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल, तर जोर त्याच्या लगेच आधी. ‘एज्युकेशन’, ‘इलेक्ट्रॉनिक’, ‘इलेक्ट्रिसिटी’. (‘अ‍ॅरेबिक’ मात्र याला जुमानत नाही.) ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, म्हणून ‘रिपोर्ट’लाही हेच लावायला जाल तर फसाल, तिथं दोन्ही वेळा दुसराच. त्यामुळे पाठांतरावर माझा फारसा विश्वास नाही. कामात रोज लागणारे शब्द कोशात बघा, शक्य तर ऐकाही. उच्चारात वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. तिच्या पुढच्या सिलॅबलवर जोर. अनेकजण ती मागच्याची समजतात.

काही शब्दांत इंग्रज आणि अमेरिकन यांचंच एकमत नाही. ‘अ‍ॅडव्हर्टाइझमेंट’मध्ये इंग्रज ‘व्हर्’वर जोर देतात आणि पुढे ‘टिस्’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकन ‘टाइझ’वर देतात. तुमचे सहकारी जिकडचे असतील, तिकडचा उच्चार घ्या.