माझी दहावीतली मुलगी मैत्रिणींची दुःखं फार मनाला लावून घेते. यातून तिला डिप्रेशन येईल का?

ताई, मी शाळेत समुपदेशक आहे आणि तुम्ही लिहिलंय तसंच वर्णन घेऊन बरेच पालक येतात. मैत्रिणीच्या घरी आईवडिलांची भांडणं, रात्री दोनपर्यंत चॅट, सकाळी सुजलेले डोळे आणि "तुला काय करायचंय लोकांचं?" म्हटलं की आपटलेलं दार.

हळवेपणा हा आजार नाही आणि निव्वळ त्यामुळे डिप्रेशन येतं असंही नाही. पण ती नाटकं करत नाही, हे आधी मान्य करा. मेंदूशास्त्रज्ञ टानिया सिंगर यांनी २००४ साली जोडप्यांवर प्रयोग केला होता. बाई एमआरआय मशीनमध्ये, जोडीदार शेजारी, आणि सौम्य शॉक कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. शॉक त्याला बसला तरी तिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग जागे व्हायचे. वेदना कुठे, कशी होतेय हे टिपणारा भाग शांत असायचा, पण वेदनेतला त्रास मात्र खराखुरा. तुमच्या मुलीचं वय तर असं, की भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

मग हळवी मुलं सगळीच खचत का नाहीत? माझ्या मते फरक इथे पडतो: दुसऱ्याचं दुःख कळल्यावर हातून काही होतं, की नुसतं सोबत बुडणं होतं. ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी लोकांना दुःखी माणसांचे व्हिडिओ दाखवले. आधी त्यांचं दुःख स्वतः अनुभवायचा सराव करून घेतला, तर लोक आणखी उदास झाले. नंतर त्याच लोकांकडून 'याचं भलं होवो' अशा मायेने बघायचा सराव करून घेतला, तेव्हा मन सावरलं आणि मेंदूत सुखाशी जोडलेला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भागही जागा झाला. हाच भाग ईव्हा टेल्झर यांच्या २०१४ च्या, किशोरवयीन मुलांवरच्या अभ्यासात दिसतो. घरच्यांना पैसे देताना ज्यांचा हा भाग जास्त उजळला, त्यांची नैराश्याची लक्षणं वर्षभरात कमी झाली. स्वतःकडे पैसे ठेवताना किंवा जोखीम घेताना ज्यांचा उजळला, त्यांची वाढली. मुलं मोजकीच होती, त्यामुळे याला ब्रह्मवाक्य मानू नका, पण मला रोज जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

रात्रीच्या चॅटचं दुखणं वेगळंच. तेच ते पुन्हा उगाळत बसल्याने मुलींची मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते, हे मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी दाखवलंय. म्हणून ते सुटत नाही. "झोपलीस का?" असा मेसेज आला आणि उत्तर दिलं नाही, तर मैत्रीण म्हणून आपण नापास, असं या मुलींना खरंच वाटतं.

फोन हिसकावू नका. रात्री घरातल्या सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा, तुमचाही. आणि "सोडून दे" म्हणण्याऐवजी "आपण तिच्यासाठी काय करू शकतो?" असं विचारा. रविवारी त्या मैत्रिणीला जेवायला बोलवा, दोघींना बसून बीजगणित करू दे, मैत्रिणीला वर्गशिक्षिकेकडे जायचं असेल तर तुमच्या मुलीने सोबत जावं. मैत्रीण जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली असेल, तर 'कुणाला सांगणार नाही' ही शपथ मोडायचीच, हे मुलीला आजच स्पष्ट सांगा. ते ओझं पंधरा वर्षांच्या पोरीने एकटीने वाहायचं नसतं.

आता काळजी कधी करायची? या वयात डिप्रेशन फक्त रडण्यातून नाही, तर चिडचिडीतूनही दिसतं, आणि घरचे त्याला 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज चिडचिड किंवा उदासी, झोप-भूक बिघडलेली, आवडत्या गोष्टी सुटलेल्या, 'माझा काही उपयोग नाही' अशी भाषा, असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. एरवी मैत्रिणींसाठी जीव टाकणारी मुलगी अचानक कुणाचंच काही वाटत नसल्यासारखी वागू लागली, तर मी जास्त सावध होते. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि तिला एकटी ठेवू नका. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीतही बोलता येतं, आणि मुलीऐवजी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.