तीन पत्ती येते, पण पोकरमधले नट्स, किकर, आउट्स, टिल्ट हे शब्द कळत नाहीत. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

तुम्ही विचारलंय की गावात तीन पत्ती खेळता, आता पोरांच्या नादानं टेक्सास होल्डेम पाहू लागलात, तर नट्स, किकर, आउट्स, टिल्ट, बॅड बीट म्हणजे काय. आणि शेवटी एक ओळ टाकलीय: "खेळ तर तीन पत्तीसारखाच आहे ना?"

नाही. शब्द सांगतोच, पण ही ओळ आधी खोडा. याच ओळीवरून आमच्या घरी पोळ्याला भांडण होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

पत्ते तेच 52, पैज लावायची, दम नसला की पॅक करायचं. सारखेपणा इथं संपला. तीन पत्तीत बंद खेळणं म्हणजे पत्ते न पाहता चाल देणं. होल्डेममधला ब्लाइंड वेगळा: बटणाच्या (पत्ते वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण) डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटायच्या आधी टाकायची सक्तीची रक्कम, पहिल्याची लहान, दुसऱ्याची साधारण दुप्पट. पत्ते ते दोघंही खुशाल पाहतात. पॅकला फोल्ड म्हणतात. साइड शो नाही. पैसे भरून शो मागणंही नाही, शेवटची पैज कॉल झाली, म्हणजे समोरच्यानं तेवढेच भरले, की पत्ते आपोआप उघडतात. आणि तीन पत्तीत नसलेली एक गोष्ट इथं आहे, चेक. तुमच्या आधी कोणी पैज लावली नसेल तर काहीच न टाकता पाळी पुढं ढकलता येते.

आता डाव सांगतो, शब्द त्यातच येतील. होल्डेममध्ये हातात दोनच पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच उघडे, तो बोर्ड; या सातातून पाच निवडायचे. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. पोळ्याला पुरणपोळी झाली की ओसरीवर पत्ते निघतात. पैसे नाहीत, चिंचोके. मी खेळत नव्हतो, पत्ते वाटायला बसलो होतो. बटण म्हणून बाटलीचं झाकण. बटणावर माझा पुतण्या, त्याच्या डावीकडं शेजारचे गुरुजी, म्हणजे स्मॉल ब्लाइंड 5. मग काका, बिग ब्लाइंड 10. मग आमचे भाटवे, म्हणजे भाऊजी. काकांपुढं 120 चिंचोके उरले होते, भाटव्यांपुढं 400, पुतण्यापुढं त्याहून जास्त. कोणाच्या हातात काय होतं ते शेवटी कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो: काकांकडं नव्व्यांची जोडी, इस्पिक आणि चौकट. भाटव्यांकडं किल्वर गुलाम आणि चौकट दश्शी. पुतण्याकडं बदाम एक्का आणि बदाम राजा. एक्का-राजाला बिग स्लिक म्हणतात.

भाटव्यांनी नुसते 10 भरले. याला लिम्प म्हणतात आणि ही सवय वाईट. पुतण्यानं रेज करून 30 केले, गुरुजी फोल्ड, काका आणि भाटवे कॉल. पॉट, म्हणजे मधला ढीग, झाला 95. वरचं एक पान पालथं बाजूला टाकायचं, त्याला बर्न म्हणतात. गड्डीवरचं पान कोणी खुणेनं ओळखलं असेल तर त्याचा उपयोग होऊ नये म्हणून ते टाकायचं. मग तीन पत्ते उघडे, हा फ्लॉप: बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किल्वर दुर्री.

काकांचा सेट लागला. हातात जोडी आणि तिसरं पान बोर्डावर, तो सेट. बोर्डावर जोडी आणि तिसरं पान हातात, ते ट्रिप्स. दोन्ही तीन-तीनच, पण सेट दिसत नाही म्हणून त्यावर जास्त मिळतं. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगलं काही लागायचं प्रमाण साधारण साडेआठात एकदा. काका ऑल-इन, उरलेले 90. दोघांनीही कॉल केला. आता मेन पॉट 95 आणि 270, म्हणजे 365. काका फक्त एवढ्याचेच धनी. यापुढं भाटवे आणि पुतण्या जे टाकतील तो साइड पॉट, त्यावर काकांचा हक्क नाही. ढीग लगेच वेगळा करा. नंतर मोजू म्हणालात की अर्धी ओसरी भांडत बसते.

भाटव्यांकडं गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी, म्हणजे दोन्ही टोकं उघडी. राणी आली तरी रन, सत्ती आली तरी रन. असे 8 पत्ते, म्हणजे 8 आउट्स. मधलं एकच पान हवं असतं तेव्हा गटशॉट, 4 आउट्स. पुतण्याला पाचवं बदाम हवं, ते 9 आउट्स. आउट्सचा ढोबळ हिशोब असा: फ्लॉपवर असाल आणि दोन्ही पानं पाहायला मिळणार असतील तर आउट्स गुणिले 4, एकच पान उरलं असेल तर गुणिले 2. तेवढे टक्के. 9 आउट्सना 36 येतात, खरा आकडा 35. एका पानाला 18 येतात, खरा 19.6. आउट्स जास्त झाले, बारा-पंधरा, की गुणिले 4 फुगवून सांगतो, तेव्हा थोडं कमी धरा.

टर्न, म्हणजे चौथं उघडं पान आलं, इस्पिक सत्ती. भाटव्यांची सत्ती ते गुलाम रन लागली. त्या क्षणी बोर्डावर नव्वी-अठ्ठी-दुर्री-सत्ती, जोडी नाही, तिसरं बदाम नाही. या बोर्डावर गुलाम-दश्शीपेक्षा मोठं काही होऊच शकत नाही. हेच नट्स: त्या घटकेला शक्य असलेला सर्वांत मोठा हात. "त्या घटकेला" हे शब्द विसरू नका, पुढचं पान आलं की नट्स दुसऱ्याचे होतात.

भाटव्यांनी काय केलं? 100 लावले. पुतण्यानं कॉल केला. रिव्हर, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान आलं, बदाम तिर्री. भाटव्यांनी उरलेले 180 लावले, पुतण्यानं तेही कॉल केले. पत्ते उघडले. काकांचे तीन नव्वे, भाटव्यांची रन, पुतण्याचा एक्क्याचा कलर. आणि भाटवे दोन्ही हातांनी ढीग ओढायला लागले. "रन हाये आपली! कलरले रन मारते!"

मी हात आडवा घातला. "भाऊजी, इथं कलर मोठा."

"काहून? बापजादे असेच खेळत आले."

तीन पत्तीत ते बरोबर आहेत, होल्डेममध्ये चूक. कारण नियमाच्या पुस्तकात नाही, मोजणीत आहे. तीन पत्त्यांचे हात एकूण 22,100 होतात. त्यात साधी रन 720, कलर 1,096. रन दुर्मीळ, म्हणून वर. पाच पत्त्यांचे हात 25,98,960. त्यात साधी रन 10,200 आणि कलर 5,108. इथं कलर निम्मा, म्हणून कलर वर. तीन पत्ते एका रंगाचे मिळणं सोपं, पाच मिळणं अवघड, एवढंच. होल्डेममध्ये सातातून पाच निवडता, तरी क्रम हाच राहतो.

आणि बापजाद्यांचा एवढा अभिमान असेल तर हेही ऐका. तीन पत्तीत ट्रेलचे (तिन्ही पत्ते एकाच आकड्याचे) हात 52 आणि पक्क्या रनचे (एकाच रंगाची रन) 48. म्हणजे पक्की रन जास्त दुर्मीळ, तरी ट्रेल वर. तुमचा स्वतःचाच खेळ मोजणीप्रमाणं चालत नाही आणि तुम्ही दुसऱ्याच्या खेळाला नियम शिकवता. हे मी त्या दिवशीही म्हणालो. भाटवे म्हणाले, "शिकलेल्याचं हेच असते."

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि हा मला जास्त झोंबतो. म्हणाले, बरं कलर मोठा, पण पोट्ट्यानं अडाणी कॉल केला, हा बॅड बीट. बॅड बीट म्हणजे तुम्ही भरपूर पुढं असताना, समोरच्याला क्वचित लागणारं पान लागून हरणं. पण आधी पाहू की पुतण्याला ते पान कितीत विकलं.

टर्नवर पॉट 365, त्यात भाटव्यांचे 100, झाले 465. पुतण्याला 100 भरून 565 चा ढीग जिंकायचा होता. 100 भागिले 565, म्हणजे 17.7 टक्के. याला पॉट ऑड्स म्हणतात: एवढ्यांदा जिंकलो तरी बरोबरी. त्याची शक्यता 46 पत्त्यांत 9, म्हणजे 19.6. वरवर पाहता कॉल बरोबर. बारकाईनं पाहिलं तर त्याच्या दोन आउट्सना डाग होता. बदाम सत्ती किंवा बदाम दुर्री आली असती तर बोर्डावर जोडी होऊन काकांचं फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) झालं असतं आणि मेन पॉट काकांचा. तेवढं वजा केलं तर कॉल काठावर, शंभरामागं पाच-सहा चिंचोक्यांचा तोटा. पण भाटव्यांकडं 180 शिल्लक होते, आणि पान लागलं की ते मिळणार हे त्याला दिसत होतं. यालाच इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. तोटा भरून निघतो, वर उरतं. कॉल अडाणी नव्हता.

भाटव्यांनी टर्नवरच सगळे 280 लावले असते तर? पुतण्याला 280 भरून 925 जिंकायचे, म्हणजे 30.3 टक्के हवे. आहेत 19.6. तेव्हा कॉल केला असता तर तो चुकीचा ठरला असता, लागलं असतं तरीही. नट्स हातात, बोर्डावर दोन बदाम, पॉट 365 आणि पैज 100. तीन पत्तीची सवय अशी नडते: चाल लहान-लहान देत समोरच्याला खेळात ठेवायचं. होल्डेममध्ये समोरच्याला अजून एक पान पाहायचं असतं, ते स्वस्तात द्यायचं नाही. ड्रॉ, म्हणजे एका पानावर अडलेला कलर किंवा रन, दिसत असेल तर पॉटच्या अर्ध्याखाली पैज लावू नका, आणि तुमच्यापुढं उरलेला ढीग पॉटपेक्षा लहान असेल तर सरळ ऑल-इन.

काका मात्र खरे दुर्दैवी. सेट असताना समोर रन आणि कलर दोन्ही. अशा हाताला कूलर म्हणतात: कोणीच चुकलं नाही, तरी सगळे चिंचोके जातात.

पुढच्याच डावात भाटव्यांनी चिंचोके उसने घेतले आणि सत्ती-दुर्री वेगळ्या रंगाची घेऊन पत्ते पाहून ऑल-इन झाले. सुरुवातीच्या दोन पत्त्यांतला हा सर्वांत वाईट हात समजतात. यालाच टिल्ट म्हणतात, राग खेळतो आणि माणूस पाहत बसतो.

राहिला किकर. बोर्डावर एक्का, राजा, नव्वी, पंजी, दुर्री, रंग जुळत नाहीत. तुमच्याकडं एक्का-राणी, दुसऱ्याकडं एक्का-सत्ती. दोघांची एक्क्यांची जोडी, दोघांना राजा बोर्डावरून. मग चौथं पान: तुमची राणी त्याच्या नव्वीला भारी. ती राणी किकर. पण बोर्ड एक्का-राजा-राणी-गुलाम-नव्वी असेल आणि हातात तुमच्याकडं एक्का-सत्ती, त्याच्याकडं एक्का-पंजी, तर दोघांचे पाच पत्ते एक्का-एक्का-राजा-राणी-गुलाम. सत्ती खेळतच नाही, पॉट अर्धा-अर्धा. तीन पत्तीवाले इथं हमखास "माझी सत्ती मोठी" म्हणतात. पाच मोजा, सहावं पान नसतं.

फिश म्हणजे कशालाही कॉल करणारा, शार्क त्याला खाणारा, रॉक म्हणजे मोठा हात असल्याशिवाय न खेळणारा. एक्क्यांची जोडी पॉकेट रॉकेट्स, 221 डावांत सरासरी एकदा येते. काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या, डेड मॅन्स हँड: 2 ऑगस्ट 1876 ला अमेरिकेतल्या डेडवुडमध्ये वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला गोळी घातली तेव्हा त्याच्या हातात ते होते असं सांगतात. दश्शी-दुर्रीला पोकरपटू डॉयल ब्रन्सनचं नाव आहे, कारण 1976 आणि 1977 ला पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शेवटचा डाव त्यानं याच पत्त्यांवर जिंकला. तुम्ही हे पाहून दश्शी-दुर्री खेळू नका.

बोलीभाषेत लोक स्लो रोलही म्हणतात. आपला हात जिंकलाय हे माहीत असून पत्ते मुद्दाम उशिरा उघडणं. नियमात बसतं, पण लोक तोंड पाहणार नाहीत. आणि पैज एकाच वेळी पुढं करा. आधी कॉलपुरते टाकून, समोरच्याचं तोंड पाहून मग "आणि अजून शंभर" म्हणणं याला स्ट्रिंग बेट म्हणतात, ते चालत नाही. आधी तोंडानं "रेज" म्हणालात तर चालतं.

पैशांचं बोलायचं तर, पत्त्यांच्या अड्ड्यांवर पोलीस 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई करतात, आणि पोळ्याच्या आठवड्यात आपल्याकडं छापे पडतातच. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, संसदेनं 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंदीत टाकलेत. फुकट चिप्सवर शिका.

शेवटी एक. तीन पत्तीत एक्का-राजा-राणीनंतर एक्का-दुर्री-तिर्रीचा नंबर धरतात, काही गावांत तर तीच सर्वांत वर. होल्डेममध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही सर्वांत लहान रन, आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री ही रनच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भाटवे येत्या पोळ्याला यावरच अडून बसणार आहेत.