टर्मिनेटरचे मधले भाग वडिलांना दाखवण्यापूर्वी

तुमची पोस्ट वाचताना २०१५ सालचा माझा एक रविवार आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांबरोबर ‘टर्मिनेटर’चे पहिले दोन भाग पाहिलेत, तिसऱ्या रात्री थेट २०१९चा ‘डार्क फेट’ लावलात, सुरुवातीच्या काही मिनिटांतच, पुढे यंत्रांविरुद्ध लढणार असलेल्या जॉन कॉनर या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या आणि वडील “झोप आली” म्हणून उठून आत गेले. आता मधले तीन भाग त्यांना दाखवावेत का, की आपणच उगीच हळवे होत आहोत, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही हळवे होत नाही आहात. मी समीक्षक नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. परंतु १९२९ साली ज्या कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू झाली, त्या गावात सिनेमाबद्दल मत नसलेला माणूस शोधूनच काढावा लागतो.

आम्ही दुसरा भाग पाहिला तो मंगळवार पेठेत एका मित्राच्या घरी, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. पुढे चोवीसेक वर्षांनी, जुलै २०१५मध्ये, ‘जेनिसिस’ हा पाचवा भाग लागला तेव्हा त्याच शाळकरी मित्रांना एकत्र करून पहिल्या रविवारची बारा तिकिटे मी काढली. स्वतः जेम्स कॅमेरॉन या नव्या भागाची तारीफ करत असलेली जाहिरात मी पाहिली होती, आणि पहिले दोन भाग ज्याने बनवले तोच माणूस सांगतो आहे म्हटल्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. कॅमेरॉन हे त्या चित्रपटाचे दिग्दर्शक नव्हते, निर्मातेही नव्हते, हे ठाऊक असूनही ठेवला.

खरी घोडचूक त्याच्या पुढची आहे. आदल्या रात्री, सगळ्यांना जरा मूड यावा म्हणून, मी ग्रुपवर ट्रेलर टाकला. ज्याला वाचवण्यासाठी पहिल्या दोन भागांत एवढा रक्तपात झाला तो जॉन कॉनरच आता यंत्र झाला आहे, ही चित्रपटातली एकमेव चकित करणारी गोष्ट त्या ट्रेलरमध्ये उघडपणे दाखवली होती. ट्रेलरमध्ये ते दाखवले गेल्याबद्दल दिग्दर्शक ॲलन टेलर यांनीही नंतर नाराजी बोलून दाखवली, पण त्याचा मला काय उपयोग? चित्रपटगृहात तो प्रसंग जवळ येऊ लागला तसे दोन रांगांत कोणी श्वास रोखून बसलेले दिसेना, आणि अखेर एका मित्राने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “हे तर काल रात्रीच बघितलं की रं!” बाराच्या बारा जणांचा चित्रपट मी स्वतःच्या हाताने, फुकट, एक दिवस आधीच संपवला होता. मित्र आजही कोणत्याही नव्या चित्रपटाचा विषय निघाला की मला विचारतात, “ट्रेलर टाकतोस काय?”

त्यात भर म्हणजे, तिकिटावर इंग्रजी छापलेले असताना पडद्यावर हिंदी आवृत्ती सुरू झाली. मध्यंतरात मी खिडकीवर गेलो, तर तिकीट फाडल्यानंतर पैसे परत मिळत नाहीत असे उत्तर मिळाले. तक्रारवही मागितली, तर ती साहेबांच्या कपाटात आहे आणि किल्ली साहेबांकडे आहे. साहेब कुठे आहेत, तर घरी. चित्रपटगृहाचे नाव लिहीत नाही, पण तेव्हापासून पहिली पाच मिनिटे मी पॉपकॉर्न न घेता दाराजवळच्या खुर्चीत बसतो, हे मात्र खरे.

आता तुमच्या वडिलांविषयी. दुसऱ्या भागात वाळवंटातल्या तळावर एक छोटा प्रसंग आहे. दहा वर्षांचा जॉन त्याच्या रक्षणासाठी आलेल्या यंत्राला, म्हणजे टर्मिनेटरला, टाळी द्यायला शिकवतो. यंत्राचा भलामोठा हात आधी चुकतो, मग जमतो. जॉनची आई सारा दुरून पाहत असते आणि तिच्या मनात येते की इतक्या वर्षांत या मुलाच्या आयुष्यात बाप म्हणून जे जे आले, त्यांच्यात मापाला उतरले ते हे यंत्रच. पुढे त्याच यंत्राला वितळलेल्या पोलादात सोडण्यासाठी बटण दाबावे लागते तेही साराला. वडील माणसाने हे दोन प्रसंग लागोपाठच्या तासाभरात पाहिलेले असताना, तुम्ही त्यांना पुढच्याच रात्री तो मुलगा एका समुद्रकिनारी मेलेला दाखवलात. उठून जाणारच.

माझ्या मते (आणि हे माझेच मत आहे, कोणाला पटलेच पाहिजे असे नाही) पुढच्या भागांचा दोष तिथेच आहे. दृश्य करामती कमी पडल्या असे नव्हे, त्या बाबतीत पैसा भरपूर ओतला गेला. दुसऱ्या भागात मायल्स डायसन हा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जीव देतो, यंत्र स्वतःला संपवते आणि २९ ऑगस्ट १९९७ला यंत्रे घडवणार असलेला महाविनाश टळतो. ही किंमत चुकती झाल्यावर पुढची कथा सुरू करायची तर ती किंमत आधी खोटी ठरवावी लागते, आणि प्रत्येक जण तेच करत गेला. २००३च्या तिसऱ्या भागाने सांगितले की विनाश टळला नव्हता, लांबला होता, ‘जेनिसिस’ने तो २०१७वर नेला, ‘डार्क फेट’ने विनाश टळल्याचे मान्य केले, पण मुलगा मारला आणि विनाश घडवणाऱ्या स्कायनेट या यंत्रणेच्या जागी दुसरे यंत्र आणून बसवले. मधल्या काळात मालकी हक्क एवढे हात बदलत गेले की सातबाऱ्यावर जशी नावे चढत जावीत तसे झाले. नवा मालक आला की आधीच्याने बांधलेले पाडून पुन्हा पाया खणायचा. ‘साल्व्हेशन’, ‘जेनिसिस’ आणि ‘डार्क फेट’ हे तिन्ही नव्या त्रयीचा पहिला भाग म्हणून योजले होते, आणि त्यांपैकी एकाचाही दुसरा भाग निघाला नाही.

तेव्हा मधले तीन दाखवावेत का? तिसरा दाखवा, पण केवळ शेवटासाठी. शेवटी भुयारी तळावर पोहोचलेल्या जॉनला आपण कुठे आणि कशासाठी आलो आहोत हे कळते तो भाग, एवढी कटकट सहन केल्यावरही, अंगावर येतो. २००९चा ‘साल्व्हेशन’ युद्धपट म्हणून एकदा बघायला हरकत नाही. त्यात टर्मिनेटर झालेले अर्नोल्ड श्वार्झनेगर नाहीत, ते तेव्हा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते आणि पडद्यावर दिसतो तो संगणकाने दुसऱ्या नटावर चढवलेला त्यांचा तरुण चेहरा. ‘जेनिसिस’ वगळा. इथे माझा राग बोलतो आहे हे मान्य आहे, तरीही वगळा. त्याऐवजी २००८–०९ची साराच्या नावाची दूरचित्रवाणी मालिका मिळाली तर पाहा. दोन हंगामांत ती बंद पडली आणि शेवट अर्धवट राहिला, परंतु आई आणि मुलगा यांचे नाते तिने या सगळ्या चित्रपटांपेक्षा जास्त मनावर घेतले. ‘डार्क फेट’ पुन्हा लावणार असाल तर सुरुवातीचा समुद्रकिनारा पुढे ढकला आणि सारा झालेली लिंडा हॅमिल्टन महामार्गावर गाडीतून उतरते तिथून बघा. ती उतरण्याची ऐट पूर्ण तिकिटाच्या लायकीची आहे. पडदे विकणारा टर्मिनेटर आला की मात्र चहा टाकायला उठावे.

वडिलांना परत सोफ्यावर आणायचे असेल तर एक उपाय सुचवतो. दुसऱ्या भागासाठी चित्रित करून नंतर वगळलेला एक वेगळा शेवट आहे, काही डिस्क आवृत्त्यांत तो दिला आहे. त्यात २०२९ साल आहे, महाविनाश झालेलाच नाही, म्हातारी सारा बागेतल्या बाकावर बसली आहे आणि समोर मोठा झालेला जॉन आपल्या लहान मुलीबरोबर खेळतो आहे. ती मुलगी धावत आजीकडे येते आणि बुटाची सुटलेली नाडी बांधून मागते. कॅमेरॉन यांनी तो शेवट काढला हे चित्रपटाच्या दृष्टीने योग्यच होते असे मी एरवी वाद घालून सांगतो. पण त्या रविवारनंतर मंगळवार पेठेतल्या त्याच मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जणांनी तो पाहिला, तेव्हा मी वाद घातला नाही. या वेळी ट्रेलर न पाठवता गेलो होतो.