रात्री अकराला आकाशगंगा बघून काय होणार?

प्रश्न: आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट रखडलंय, मुलाचा बारावीचा निकाल तोंडावर आलाय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मिस्टर टीव्हीवर ग्रहताऱ्यांचे कार्यक्रम लावतात आणि म्हणतात, ‘बघ, यापुढे आपल्या काळज्या म्हणजे काहीच नाहीत!’ मला उलट आणखी रितं वाटतं. ही पळवाट नाही का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, मिस्टरांचं म्हणणं मलाही पटत नाही. राहतं घर आणि मुलाचं शिक्षण याहून मोठी काळजी ती कोणती? तिला कोणी ‘काहीच नाही’ म्हटलं की माणूस आणखी एकटा पडतो. पण टीव्ही बंद करू नका. बघायचं काय, तेवढं बदला.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, तेव्हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’ या १९८० च्या मालिकेतलं वैश्विक कॅलेंडर मुलांना हमखास सांगायचे. विश्वाचं वय, आजच्या मोजणीनं सुमारे १३८० कोटी वर्षं, एका वर्षात बसवलं तर डायनोसॉर ३० डिसेंबरला संपतात आणि माणसाचा सगळा लिखित इतिहास शेवटच्या दहा-बारा सेकंदांत येतो. तुम्हाला रितं वाटतं ते बहुधा इथेच. मला मात्र इथे माणसाचं फार कौतुक वाटतं. एवढ्याशा वेळात त्यानं हा हिशेब मांडला!

तुम्ही नासाच्या व्हॉयेजर-१ या अवकाशयानाची गोष्ट बघा. १९७७ मध्ये निघालेलं हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाएकी अर्थ न लागणारे संदेश पाठवू लागलं. अंतर सुमारे २४०० कोटी किलोमीटर. संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. नासाच्या इंजिनिअरांनी कित्येक महिने खपून दोष शोधला: यानावरच्या एका संगणकाच्या मेमरीतली एक चिप निकामी झाली होती. ती बदलायला जाणार कोण? तिच्यातला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवावा, तर तो अख्खा मावेल अशी जागा कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे करून, मिळेल तिथे बसवले. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा पाठवली, उत्तर २० एप्रिलला आलं. मधल्या काळात वाट बघण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

मुलाचे पेपर लिहून झालेत, तिथे आता तुमच्याही हातात काही नाही. सोसायटीचं तसं नाही. बिल्डरबरोबरचा करार स्वतः वाचा, भाड्याची आणि ताब्याची मुदत काय लिहिलीय ते बघा, कमिटीला लेखी विचारा. हे सगळं दिवसा. रात्री अकरानंतर करारातलं एक कलमही सुटत नाही, तेव्हा तो तासभर व्हॉयेजरला द्यायला काय हरकत आहे? याला मी पळवाट म्हणणार नाही.

‘पृथ्वीचा अंत जवळ!’ असं ढणढणत्या संगीतावर ओरडणारे कार्यक्रम मात्र टाळा. त्यांनी झोप आणखी उडते. शास्त्रज्ञांना एखादी गोष्ट कशी कळली, हे जो कार्यक्रम सांगतो तो चांगला. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्राध्यापक यशपाल प्रेक्षकांच्या साध्यासुध्या प्रश्नांनाही किती मनापासून उत्तरं द्यायचे!

निकाल लागला की, मार्क कितीही असोत, मुलाला घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. तिथे आणि आसपासच्या परिसरात पसरलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. जाण्याआधी भेटीच्या वेळा विचारून घ्या. आणि झोपेचं हे असंच चालू राहिलं, तर फॅमिली डॉक्टरांना नक्की दाखवा. ते काम टीव्हीवर सोडू नका.