पडद्यावर नाव बरोबर यायला हवं

प्रिय मुली,

तुझं धाराशिवहून आलेलं पत्र वाचलं. खेळणं सुटलं, कॅमेऱ्यासमोर बोलायची हौस नाही, पण मैदानापासून लांब राहवत नाही, असं तू लिहिलंस. स्टेडियमबाहेर सामना टीव्हीवर थेट दाखवणारी ओबी व्हॅन उभी असते ना, दिग्दर्शक, रिप्लेवाले, ग्राफिक्सवाले, साउंडवाले जिच्यात दाटीवाटीनं बसतात, तिथं अशीच माणसं लागतात.

रिप्लेचंच घे. सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण ईव्हीएस यंत्रावर सतत साठत असतं. कबड्डीत बोनस गुणावरून वाद झाला की हेडफोनवर दिग्दर्शकाचा आवाज येतो आणि हातात काही सेकंदच असतात. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस, आणि चढाईवाल्याचा बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकताना दुसरा हवेत हवा. हे जिला ठाऊक आहे ती पाय दिसेल असा खालचा कॅमेराच आधी उघडते. बटणं शिकवता येतात गं, खेळ मात्र आधी अंगात मुरलेला लागतो.

म्हणून गुणलेखनापासून सुरुवात कर. तू सारिका काळे यांच्या जिल्ह्यातली. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं. तालुक्याच्या सामन्यात गुणलेखकाशेजारी बस. कुणी किती वेळ संरक्षण केलं, कोण कसं बाद झालं, सगळं वहीत उतरव. मोबाइल स्टँडवर लावून सामना चित्रित कर आणि रात्री वहीशी ताडून प्रत्येक घटनेपुढे वेळ लिही. आम्ही याला लॉगिंग म्हणतो. नव्या मुलांच्या वाट्याला बहुतेक हेच काम आधी येतं.

ग्राफिक्सवर असताना एकदा मी बदली खेळाडूच्या जागी भलत्याच मुलाचं नाव टाकलं. त्या बदली खेळाडूचं गाव पारावर टीव्ही लावून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला फोन केला, तर त्याचे वडील एवढंच म्हणाले, "नाव आलं की फोटो काढून ठेवणार होतो." तेव्हापासून सामन्याआधी दोन्ही संघांकडे जाऊन मी प्रत्येक नाव स्वतः विचारून घेतो.

शिक्षणाचं म्हणशील तर छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या आपल्या दोन्ही विद्यापीठांत पत्रकारितेचं शिक्षण मिळतं. पण इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शिकत असशील तर ते सोडू नकोस. व्हॅनमधली निम्मी कामं तांत्रिकच असतात. क्रिकेटची आवड असेल तर राज्य संघटनेची स्कोअररची परीक्षा दे. हिंदी-इंग्रजीत झटपट सूचना समजायला हव्यात, तो सराव आत्ताच कर.

पैशांचं स्पष्ट सांगतो. बरंच काम दिवसाच्या मानधनावर, हंगामापुरतं असतं आणि पैसे उशिरा येतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय पुण्या-मुंबईला खोली घेऊ नकोस. काम लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. सामने रात्री उशिरा संपतात. राहायची आणि परतायची सोय काय, हे काम घेण्याआधीच विचार. त्यात संकोच नको. घरच्यांनाही तेवढाच धीर येईल.

जिल्ह्याची खो-खो स्पर्धा लागली की कळव. एका सामन्याचं गुणलेखन आणि लॉग मला पाठव, मी लाल पेनानं तपासून परत धाडतो.

तुझा,
काका