फ्रेंडली बॅटल खेळण्याआधी

प्रिय बाबू,

शनिवारी तर्री पोह्याच्या गाडीवर तू विचारलंस, "ताई, फोनवर रोज क्लॅश रोयालच्या वीस-वीस मॅच खेळून राहिलो, तरी मी तिथंच काहून आहे?" तुला मेट्रो गाठायची होती, आणि हे उभ्या-उभ्या सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

तुझ्या वीसच्या वीस मॅच लॅडरवरच्या, म्हणजे ट्रॉफींसाठी खेळलेल्या, असतात. खापरीहून सीताबर्डी येईपर्यंत दोन-तीन, क्लासहून परतताना तेवढ्याच, उरलेल्या रात्री गादीवर पडून. लॅडरवर हरलं की ट्रॉफी, म्हणजे कमावलेले गुण, जातात. त्या भीतीनं माणूस जमतं तेवढंच पुन्हा पुन्हा खेळतो. नवीन काही करून पाहायला हात धजत नाही. क्लॅश रोयाल हा पत्ते टाकून समोरच्याचे टॉवर पाडायचा खेळ 2016 च्या मार्चमध्ये आला, त्या उन्हाळ्यात मीही हेच केलं. कूलरसमोर बसून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळायचे. एका रात्रीत 400 ट्रॉफी घालवल्या आणि सकाळी उठल्यावर त्यातली एकही मॅच धड आठवेना. कोणत्या पत्त्यानं मारलं, कुठे चुकलं, काही म्हणजे काही नाही. त्या रात्रीची हळहळ मला अजून वाटते.

फ्रेंडली बॅटल म्हणजे ओळखीच्याशी खेळलेली मॅच. तिच्यात ट्रॉफी हलत नाहीत, लेव्हलचा फरक फारसा आड येत नाही, क्लॅनमधलं, म्हणजे आपल्या गटातलं, कुणीही मॅच चालू असताना पाहू शकतं, आणि नंतर रिप्ले पाहता येतो. इतकं सगळं हाताशी असताना आपण ती टाइमपास म्हणून खेळतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुला एकच करायला सांगते. बॅटल सुरू करण्याआधी वहीत एक प्रश्न लिही, आणि संपल्यावर त्याच्याखाली उत्तर. जिंकलो की हरलो ते लिहू नकोस.

प्रश्न बारका हवा. 'माझा डिफेन्स कसा सुधारेल' याचं उत्तर तीन मिनिटांच्या मॅचमध्ये मिळत नाही. तुझ्याच डेकवरून, म्हणजे तू निवडलेल्या आठ पत्त्यांवरून सांगते. पत्ता टाकायला एलिक्सिर खर्च होतं, आणि ते मॅचमध्ये हळूहळू भरत राहतं. हॉग रायडर, मस्केटिअर, फायरबॉल प्रत्येकी 4 एलिक्सिरचे, कॅनन 3 चा, आइस गोलेम आणि लॉग 2 चे, स्केलेटन्स आणि आइस स्पिरिट 1 चे. बेरीज 21, सरासरी 2.6. आता तू म्हणतोस की समोरच्यानं टेस्ला ही इमारत लावली की टॉवरवर धावणारा तुझा हॉग तिकडे वळून वाया जातो. मग प्रश्न असा लिही: त्याचा टेस्ला परत हातात यायच्या आत माझा हॉग पुन्हा जातो का?

हे कागदावर मांडून पाहता येतं. डेकमध्ये आठ पत्ते, हातात चार. एक पत्ता टाकला की दुसरे चार टाकल्यावरच तो हातात परत येतो. तुझे सगळ्यात स्वस्त चार पत्ते मिळून 6 एलिक्सिर, वर हॉगचे 4, म्हणजे 10. पहिल्या दोन मिनिटांत एक एलिक्सिर भरायला 2.8 सेकंद लागतात, तेव्हा साधारण 28 सेकंदांत दुसरा हॉग जाऊ शकतो. समोरच्याच्या डेकची सरासरी 4 असेल तर टेस्लानंतरच्या चार पत्त्यांना त्याला 16 एलिक्सिर लागतील, म्हणजे जवळजवळ 45 सेकंद. मधले 17 सेकंद तुझे आहेत. कागदावर तरी. मॅचमध्ये तो तुला कॅनन नाही तर मस्केटिअर टाकायला भाग पाडतो आणि ते 17 सेकंद आटत जातात. किती आटतात, कशामुळे आटतात, हे शोधायलाच फ्रेंडली बॅटल. पाच मॅच फक्त एवढंच बघ. त्यानं टेस्ला टाकला की त्यापुढचे त्याचे पत्ते तोंडानं मोज: एक, दोन, तीन. घरचे विचारतील काय पुटपुटून राहिला, विचारू देत. मोजण्याच्या नादात पाचही हरलास तरी चालेल. तिसऱ्या-चौथ्या मॅचनंतर मोजणी आपोआप व्हायला लागते, आणि त्यानंतर ती लॅडरवरही तुझ्याबरोबर येते.

ट्रेनिंग कॅम्पमध्ये कॉम्प्युटरशी खेळून हे जमणार नाही. नवा पत्ता कुठे टाकायचा, कॅनन नेमका कोणत्या घरात ठेवला की हॉग वळतो, एवढं पाहायला तो बरा. डाव ओळखायला समोर माणूसच लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ज्या डेकशी तू हरतोस तो डेक स्वतः खेळ. मित्र शेजारी असेल तर सरळ फोनची अदलाबदल करा. इन्फर्नो टॉवर या बचावाच्या पत्त्यानं मला महिनोन्महिने छळलं. मग एका दुपारी मैत्रिणीचा फोन घेऊन मीच तो डेक खेळायला बसले, तेव्हा कळलं की त्या पत्त्याचे 5 एलिक्सिर किती जड पडतात. तो लावल्यावर हातात जेमतेम काही उरायचं, आणि तिनं त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं काही टाकलं की माझी घाबरगुंडी उडायची. ही घाबरगुंडी समोरच्यालाही होत असते, हे लढणाऱ्या बाजूनं मला कधीच दिसलं नव्हतं. रिप्ले शंभरदा पाहूनही ती दिसत नाही, कारण रिप्लेत हात दिसतात, पोटातला गोळा दिसत नाही.

मॅच झाल्यावर लगेच 'अजून एक' म्हणू नकोस. बुद्धिबळवाले डाव संपला की समोरच्याबरोबरच पट पुन्हा मांडून बसतात, तू इथे हे का खेळलास म्हणून विचारतात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. ज्या खेळातून ती आली, त्याची ही जुनी रीत आहे. आपल्या खेळात मॅच तीन-चार मिनिटांची, बोलायला पाच मिनिटं दे. कार्ड गेम म्हणजे नुसतं नशीब, असं तुझे बाबा म्हणतात ना? त्यांना सांग की 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ म्हणून होते, आणि तिथे तीर्थ मेहतानं हार्थस्टोनमध्ये भारतासाठी कांस्य मिळवलं. तोही पत्त्यांचाच खेळ. नशीब असतंच, पण समोर कुणीही आलं तरी पत्ते मोजणारा मोजतच असतो.

डेक बदलायचा तर एका वेळी एकच पत्ता बदल. तू मागच्या आठवड्यात तीन बदललेस, जिंकलास, आणि कशामुळे जिंकलास ते तुलाही सांगता आलं नाही. आणि क्लासमधली पोरं म्हणतात तशी फ्रेंडलीवर 50 रुपयांची पैज लावू नकोस. पैसे लागले की पुन्हा हातचं राखून खेळणं आलं, मग लॅडर काय वाईट होतं?

रविवारी पाचनंतर मी घरीच आहे. ऊन उतरलं की ये, फोन पूर्ण चार्ज करून आण आणि वहीही. पहिल्या तीन मॅच तू माझा टेस्लावाला डेक खेळायचा, मी तुझा हॉग. तू काय मोजणार आहेस ते येतानाच लिहून आण.

तुझी,
ताई